उभ्या गाडीतला वास

बिटकोच्या सिग्नलला गाडी उभी राहिली आणि योगिनीला पेट्रोलचा वास आला. यात नवल ते काय? पुढे रिक्षा, मागे टँकर, शेजारी धूर सोडणारी एसटी. बिटकोला पेट्रोलचा वास नाही येणार तर काय मोगऱ्याचा येणार? तिनं स्वतःची अशी समजूत घातली. गाडीच्या चारही काचा बंद होत्या, एसी आतल्या आत हवा फिरवत होता, हेही तिला दिसत होतं; पण तेवढं तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. मागच्या सीटवर वेदिका दप्तर मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली होती. सिग्नल सुटला, गाडी देवळाली गावाच्या रस्त्याला लागली, वेग आला आणि वास गेला. असा गेला, की आला होता की नव्हता याचीच शंका यावी. विहितगावला पोचेपर्यंत योगिनी सारखी नाकानं हवा ओढून बघत राहिली. काही नाही. धुळीचा, एसीचा, वेदिकाच्या डब्यातल्या मेथीच्या पराठ्याचा वास. शाळेच्या फाटकासमोर गाडी थांबवून तिनं ब्रेकवर पाय ठेवला, इंजिन चालूच होतं, आणि हळूच, अगदी ओळखीच्या माणसानं मागून खांद्यावर हात ठेवावा तसा तो परत आला. वेदिका टाटा करून गेली. मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता तरी योगिनीनं ब्रेकवरचा पाय काढला नव्हता.

दुसऱ्या कुणाला असा वास आला असता तर त्यानं संध्याकाळी घरी सांगितलं असतं, अहो, गाडीत पेट्रोलचा वास मारतोय, जरा दाखवून आणा. मिटलं. योगिनीला ती सोय नव्हती. तिच्या तोंडून ‘वास’ हा शब्द निघाला की जेलरोडच्या त्या घरातली सगळी माणसं हातातलं काम तसंच ठेवून एकमेकांकडे बघतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. वेदिका बालवाडीत होती तेव्हा समोरच्या सोसायटीत सिलिंडरचा भडका उडाला होता. माणसं वाचली, पण खिडकीची जाळी वाकून बाहेर आली ती कितीतरी दिवस तशीच लोंबत होती आणि योगिनी रोज भाजी निवडताना ती बघायची. त्यानंतर तिला गॅसचा वास यायला लागला. आधी स्वयंपाकघरात, मग हॉलमध्ये, मग झोपेत. ऐन थंडीत ती सगळ्या खिडक्या उघडून टाकायची आणि घरातली माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत बसायची. एजन्सीचा माणूस आला, साबणाचा फेस लावून त्यानं नळी तपासली, एकही बुडबुडा आला नाही. तो गेला आणि तिला परत वास आला. एक दिवस तिनं न्हाणीघरातून वेदिकाला तशीच ओली उचलली, टॉवेलात गुंडाळली आणि जिना उतरून रस्त्यावर नेऊन उभी केली. लोक जमले. पोरगी थंडीनं आणि लाजेनं थरथरत होती. डॉक्टर भले होते, त्यांनी समजावून सांगितलं, की भीती फार झाली की मेंदू नसलेला वासही तयार करतो, यात लाजण्यासारखं काही नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि वेदिकाला सिन्नरला, तिच्या आत्याकडे ठेवलं. ‘तुझं जरा बरं होईपर्यंत,’ महेश म्हणाला होता. तो तिचा नवरा, मनानं वाईट नाही, उलट त्या दिवसांत त्यानं तिला तळहातावर जपलं. पण बरं होईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत हे त्यालाही माहीत नव्हतं. वेदिका परत आली तेव्हा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी वागायची. सोफ्याजवळ उभी राहून विचारायची, मी इथं बसू का? तो प्रश्न योगिनीच्या पोटात अजून होता.

म्हणून ती गप्प बसली. आणि गप्प बसलं की वास वाढतो, हा काही विज्ञानाचा नियम नसेल, पण तिच्या बाबतीत तो खरा होता. संध्याकाळी अंबडहून येताना पाथर्डी फाट्याला आला. दुसऱ्या दिवशी वडनेरला, रेल्वेखालच्या बोगद्याशी वाहनं तुंबली तिथं आला. चालत्या गाडीत कधीच नाही. गाडी उभी आणि इंजिन चालू असलं की मात्र हमखास. ती अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला होती. मशिनवरून आलेला प्रत्येक भाग हातात घेऊन त्यात खोट काढणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. तिथं नियम सरळ होता: जो दोष परत परत दाखवता येतो तो खरा दोष, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. तिनं तसंच केलं. एसी बंद करून बघितला, काचा उघडून बघितल्या, इंजिन थंड असताना, तापलेलं असताना. सोमवारी वास जबरदस्त असायचा, मंगळवारी तसाच, बुधवारी उतरायचा, आणि शुक्रवार येईतो गाडी कशी नवीकोरी, शहाण्या मुलासारखी. इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. कारण डॉक्टरांनी तेव्हा हेच सांगितलं होतं, तुमची भीती आठवड्याच्या सुरुवातीला उसळते, कामाचा ताण जवळ आला की. सोमवारची गाडी बिघडलेली आणि शुक्रवारची ठणठणीत असं कुठं असतं का? गाडीला काय वार कळतात? वार माणसाच्या मनाला कळतात. आणि मुळात ज्या मापावर भरवसा नाही त्यानं माप घेऊच नये असं ती स्वतः नव्या पोरींना शिकवायची. इथं माप म्हणजे तिचं नाक. ते एकदा खोटं ठरलेलं. ते नाक ती कुठल्या कसोटीवर लावून बघणार होती? चोरानं चोराची साक्ष काढावी तसला प्रकार होता हा.

वेदिकाला विचारता आलं असतं. रोज ती मागे असायचीच. पण ‘त्या’ दिवसांत योगिनीनं तिला इतक्यांदा विचारलं होतं, वेदू, तुला येतोय का गं वास, खरं सांग, की शेवटी ती एवढीशी पोर आईचा चेहरा बघून ‘हो’ म्हणायला लागली. डॉक्टरांसमोरही ती ‘हो’ म्हणाली आणि महेशनं मान खाली घातली. आईला बरं वाटावं म्हणून मूल खोटं बोलतं याची शरम योगिनीला स्वतःच्या आजारापेक्षा जास्त वाटली होती. तिनं तेव्हाच ठरवलं होतं, की मरून गेले तरी या पोरीला वासाचं काही विचारणार नाही. तो शब्द तिनं आजवर पाळला होता. आता बिटकोला गाडी उभी राहिली की ती आरशातून फक्त बघायची. वेदिका बाहेर बघत बसलेली असायची, गाल जरा फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. शाळेत जायचा कंटाळा आला की मुलं बसतात तशी. बघ, हिला काही नाही, योगिनी स्वतःला म्हणायची. म्हणजे तूच. म्हणजे परत तेच सुरू झालं.

पण समजा नसेल तर? समजा खरंच कुठं पाइप चिरला असेल, खरंच पेट्रोल ठिबकत असेल, तापलेल्या इंजिनावर एखादा थेंब पडत असेल? टर्बोची गाडी. महेशला तिचं केवढं कौतुक; घेतली तेव्हा येईल त्याला सांगायचा, तीनच सिलिंडर आहेत पण टर्बो आहे, चढावर वाघ. तो टर्बो लालबुंद तापतो असं तिनं कुठंतरी वाचलं होतं, वाचायला नको होतं. रोज सकाळी ती आपल्या हातानं पोरीला त्या गाडीत बसवत होती. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक तिनं कुणाला न सांगता काढून टाकलं. पट्टा कसा झटकन सोडायचा याचा खेळ म्हणून वेदिकाकडून सराव करून घेतला, आणि पोरगी हसत हसत तो करायची तेव्हा योगिनी मनातल्या मनात सेकंद मोजायची. एकदा जेवताना तिनं सहज विषय काढल्यासारखं केलं, वेदूला शाळेची व्हॅन लावू या का, मैत्रिणी असतात, तिलाही बरं. महेशनं घास तसाच हातात ठेवला. का? गाडी चालवायला कसंतरी होतंय का? त्यानं इतक्या जपून विचारलं की तिला रडू आलं. नाही, सहज म्हटलं, ती म्हणाली आणि आमटी वाढायला उठली. मग खिडकी उघडी ठेवून गाडी चालवायला लागली, तर सासूबाईंनी, कुसाबाईंनी, पोरीला शिंका आलेल्या बघून विचारलं, एवढ्या गारठ्यात काचा कशाला उघड्या ठेवते? आणि मग त्याच एकदम गप्प झाल्या, सुनेकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता. काळजी होती आणि तीच जास्त टोचत होती. योगिनीनं सर्दीनं साधं नाक ओढलं तरी त्या घरातलं बोलणं मध्येच थांबत असे. आपण घरात नाही, काचेच्या भांड्यात ठेवलेले आहोत आणि सगळे बोटं न लावता बघतायत, असं तिला वाटायचं. कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं, सगळे चांगलेच होते मेले.

शेवटी एका शुक्रवारी कामावरून येताना विहितगावच्या किशोरकडे ती गेली. त्याचं गॅरेज रस्त्यालाच होतं आणि घरातलं कुणी त्याच्याकडे जात नसे, हे त्याचं सगळ्यात मोठं क्वालिफिकेशन. तिनं त्याला सगळं एका दमात सांगितलं, म्हणजे आजाराचं सोडून सगळं. त्यानं बॉनेट उघडून नाक खुपसलं, इंजेक्टरच्या पाइपांवरून पांढरं फडकं फिरवलं, फडकं कोरडं निघालं. एक चक्कर मारून आला. कॉम्प्युटर लावला, त्यावर एकही दोष नाही. ‘गाडी एकदम ओके आहे मॅडम,’ तो म्हणाला. ‘ट्रॅफिकमध्ये दुसऱ्याच्या गाडीचा येत असेल. कधी कधी भास पण होतो.’ त्याचं काही चुकलं नव्हतं, असल्या शब्दानं कुणाच्या काळजाला घरं पडतील हे त्याला काय ठाऊक? योगिनी हसली, पैसे घेत नव्हता तरी दिले आणि लष्कराच्या कॅम्पच्या रस्त्याला उगाचच पुढे जाऊन झाडाखाली गाडी लावून बसली. लांब रेंजवर तोफांचा सराव चालू होता. प्रत्येक आवाजाला काच थरथरायची. साबणाचा फेस, एकही बुडबुडा नाही. पांढरं फडकं, एकही डाग नाही. सगळं तसंच्या तसं चाललं होतं, पायऱ्यासुद्धा त्याच. आता पुढची पायरी ती स्वतःच घरी सांगेल, महेश सिन्नरला फोन करेल, आणि वेदिकाच्या कपड्यांची बॅग भरली जाईल. तिनं पर्समध्ये हात घालून डॉक्टरांचा नंबर काढला, बघितला, फोन परत ठेवून दिला. सोमवारपर्यंत थांबू, तिला वाटलं. सोमवारी आलाच तर आपणच सांगून टाकू.

रविवार नेहमीसारखाच गेला. सकाळी महेश सगळ्यांना घेऊन सोमेश्वरला जाऊन आला, गाडी झकास चालली, तो गुणगुणत होता. संध्याकाळी सासऱ्यांनी, वाल्मीक अण्णांनी, किल्ली मागितली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ते निवृत्त झाले होते आणि आता रविवारी संध्याकाळी सुनेच्या गाडीत पेट्रोल भरून आणणं ही त्यांची ड्यूटी होती. गाडी आली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, पेट्रोलचं मी बघीन, तिनं पंपावर जायचं नाय. का ते बोलले नव्हते. पंपावर वास असतो, सुनेला उगाच काही आठवायला नको, एवढंच होतं त्यात, आणि तिला ते कळलं होतं. त्या एका गोष्टीसाठी तिनं या माणसाला मनातून किती वेळा नमस्कार केला असेल. परत येऊन त्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘टाकी फुल हाय. आता आठवडाभर घोर नाय.’

आणि सोमवारी तो आला. बिटकोपर्यंत थांबलासुद्धा नाही. जेलरोडवरच पुढे एक ट्रॅक्टर आडवा झाला, गाडी उभी राहिली आणि वासानं गाडी भरून गेली. घशात, डोळ्यांत, जिभेवर. योगिनीला वाटलं आता ओरडावं, दार उघडावं, पोरीला काखेत मारून पळावं. तिचा हात दाराच्या खटक्यावर गेलाही. मग तिला तो टॉवेल आठवला, ते जमलेले लोक आठवले आणि हात परत स्टिअरिंगवर आला. देवा, येतोय तो खरा असू दे, तिनं म्हटलं, आणि मग आपण काय मागतोय हे तिला कळलं. पोरगी मागे बसलेली असताना ती गाडी पेटायजोगी असू दे म्हणून मागत होती. विहितगावला शाळेकडे वळायच्या ऐवजी तिनं गाडी सरळ किशोरच्या दारात नेली. तो शटर वर करत होता. इंजिन बंद न करता ती खाली उतरली, मागचं दार उघडून वेदिकाला बाहेर काढलं, लांब बाकावर बसवलं आणि म्हणाली, आत्ता, असंच चालू असताना बघा. त्या दिवशी बंद करून, फिरवून बघितलंत. आता उभी असताना बघा, नुसतं पुढं नको, सगळीकडे बघा. तिचा आवाज चढला होता. किशोरनं तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं, बॉनेटपाशी गेला, नकारार्थी मान हलवली. मग गाडीला वळसा घालत मागच्या चाकापाशी गेला आणि तिथं गुडघ्यावर बसला. तिच्या आयुष्याचा निकाल त्या माणसाच्या नाकात होता.

‘येतोय,’ किशोर म्हणाला. ‘बाप रे. चांगलाच येतोय.’

त्यानं धावत जाऊन इंजिन बंद केलं. योगिनी तिथंच एका टायरवर बसली. येतोय. दुसऱ्या माणसाला येतोय. तिला हसू फुटत होतं आणि डोळे वाहत होते, आणि किशोर काय सांगतोय ते अर्धंच कानावर पडत होतं. टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून मागे एक कोळशाचा डबा असतो, तो वाफ पितो आणि गाडी पळताना इंजिन ती ओढून घेतं. डब्यात वाफच जायला हवी; इथं नुसतं पेट्रोल भरलंय, कोळसा पार भिजलाय. गाडी पळत असली की वाऱ्यावर जातं, उभी राहिली की सगळं आत. टाकीतलं पेट्रोल उतरलं की दोन-चार दिवसांत कोळसा सुकतो, म्हणून शुक्रवारी वास सापडला नाही. आग लागली नाही हे नशीब समजा, डबा आजच बदलू. ‘टाकी कोण भरतं मॅडम? पंप कट झाल्यावर पण टाकतात का वरून?’

योगिनीनं मान वर केली. गाडी नवी असताना ती एकदाच अण्णांबरोबर पंपावर गेली होती, त्यांनी तिला रस्त्यापलीकडे उभं केलं होतं, आणि तिथून ती बघत होती. पंप खट्कन बंद झाला. अण्णांनी पोराला सांगितलं, अजून टाक. मग गाडीला दोन्ही हात लावून ती गदागदा हलवली, गावाकडे पोतं भरताना हलवून दाबतात तशी, म्हणजे आतली हवा निघेल आणि अजून थोडं बसेल. परत टाक. परत हलवली. तोंडाशी पेट्रोल चमकेपर्यंत. मग समाधानानं झाकण लावून लांबूनच त्यांनी तिला हात केला होता. सून एकटी जाते, गाडी वाटेत अडायला नको. दर रविवारी, न चुकता, केवढ्या मायेनं. आता हे त्यांना कसं सांगायचं? सांगायला तर हवंच. महेशला सांगायचं, कुसाबाईंना सांगायचं, डॉक्टरांना जाऊन सांगायचं, की माझं नाक खरं आहे. मी बरी आहे. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की रस्त्यावरून जाणाऱ्या लष्करी ट्रकमधल्या जवानांनाही सांगावंसं वाटलं.

‘किती दिवस झाले वास यायला?’ किशोरनं फडक्याला हात पुसत विचारलं.

‘दिवाळीनंतर सुरू झाला,’ योगिनी म्हणाली.

‘नाही काका,’ बाकावरून वेदिका म्हणाली. ‘दिवाळीच्या आधीपासून. सहामाही परीक्षेला पण यायचा.’

किशोर सुट्या भागाच्या दुकानात फोन लावत शटरच्या आत गेला. योगिनी उठून पोरीपुढं जाऊन बसली. वेदिकाचे मोजे एक वर एक खाली आले होते. योगिनीनं ते सारखे केले, कारण तिला तोंडाकडे बघवेना. तिनं विचारलं, तुला येत होता? वेदिकानं मान डोलावली. रोज? रोज नाही, सोमवारी जास्त.

‘मग मला का नाही सांगितलंस, वेदू?’

‘सांगितलं असतं तर तू परत आजारी पडली असतीस,’ वेदिका म्हणाली. ‘मग मला आत्याकडे जावं लागलं असतं.’

‘असं कुणी सांगितलं तुला? पप्पांनी? आजीनं?’

‘कुणीच नाही. मला माहितीये.’

रस्त्यावर शाळेची बस गेली, मुलं खिडक्यांतून ओरडत होती, वेदिकानं त्यांतल्या कुणाला तरी हात केला. योगिनीचे हात मोज्यांवरच होते. तिनं विचारलं, मग सिग्नलला तू काय करायचीस? वेदिका जरा लाजली. एखादी जमलेली गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं.

‘श्वास धरून बसायचे. आधी बिटकोला पुरायचाच नाही. आता पुरतो.’